गडाचा दुसरा फेरा

साताऱ्यात मंगळवार पेठेत एक वहिनी राहायच्या. सख्ख्या दिरापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. पहाटे साडेपाचला त्या अजिंक्यताऱ्याच्या चढाला लागत. मागं राहिलेल्या बायका धापा टाकत ओरडत, "वहिनी, जरा दमानं!" वहिनी दमानं घेत नसत. मंगळाईचं दर्शन घेऊन सातला घरी, आणि चहा गॅसवर.

वयाच्या ४६व्या वर्षी घडी विस्कटली. पाळी कधी वीस दिवसांत, कधी दोन महिन्यांनी. आली की अंगावर इतकं जायचं की वाण्याकडं जायचीही धास्ती. रात्री तीनला घामानं गाऊन चिंब. मग पंखा लाव, पंखा बंद कर, यात पहाट. खाणं तेच, चढणं तेच, तरी परकराची नाडी आखूड पडायला लागली.

वहिनींनी याचा अर्थ एकच लावला : आपण आळशी झालो. त्यांनी गडाचा संध्याकाळचा दुसरा फेरा सुरू केला आणि रात्रीचं जेवण कपभर दुधावर आणलं. हे सगळं कुणाला विचारून? कुणालाच नाही. आपल्याकडं व्यायामाची गोष्ट निघाली की बायकांचा आवाज चढतो, आणि पाळीची निघाली की तोच आवाज पदराआड जातो.

महिना-दोन महिन्यांत टाचेनं डोकं वर काढलं. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की कळ थेट मस्तकात. चढावर धाप लागून त्या कठड्याला टेकल्या, की मागच्या बायका पुढं निघून जात. कुणी काही बोलत नसे, आणि तेच जास्त लागे.

एकदा मंडईच्या कोपऱ्यावर परळी खोऱ्यातून एसटीनं आलेली एक भाजीवाली उभी होती. वहिनींच्याच वयाची, बहुधा थोडी मोठीच. "बाई, पाटीला जरा हात लावा." वहिनींनी वाकून दोन्ही हातांनी पाटी धरली, दम रोखला. पाटी गुडघ्यापर्यंत आली आणि मनगटं थरथरून पुन्हा खाली बसली. भाजीवालीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. "राहू द्या. अंगात रगत हाय का न्हाई?" म्हणत तिनं केळीवाल्याला हाक मारली.

हे बोलणं वहिनींना इतकं झोंबलं, की त्या तशाच डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. हिमोग्लोबिन निघालं ८.६, बाईमाणसाला ते १२ तरी हवं. "हा आळस नाही, रक्त कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि इतकं अंगावर का जातं ते बघायला सोनोग्राफी लिहून दिली. मग खुर्ची जवळ ओढून बोलल्या. पाळी सलग बारा महिने आली नाही, म्हणजे ती गेली. त्याआधीचा हा काळ चार-चार वर्षं चालतो, काहींचा आणखी लांबतो. त्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकसारखं राहत नाही, चढतं-उतरतं, आणि शेवटी खाली येतं. हाडं आणि स्नायू धरून ठेवायला त्याची मदत असते. ती सुटली की दोन्ही झिजतात. "आणि तुम्ही झोप मोडलेल्या, उपाशी अंगानं दोनदा गड चढताय. अंग भरून यायचं कधी?"

"मग सोडू गड?"

"सोडायचा कशाला? टाचेची कळ उतरू दे, मग आठवड्यातनं तीनदा जा. दोन दिवस वजन उचला."

वहिनी जिममध्ये जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी अंगणातच मांडलं. दोन्ही हातांत पाण्याच्या अर्ध्या बादल्या घेऊन फेऱ्या, हात न टेकता खुर्चीवरून उठबस, ओट्याला धरून तिरके जोर. दुधाच्या कपाच्या जागी मटकीची उसळ आणि भाकरी आली. ज्या रात्री झोप मोडली, त्या पहाटे गड नाही. उन्हं आल्यावर गांधी मैदानात दोन सावकाश फेऱ्या, बस्स.

बादल्या जड नव्हत्या. जड होतं ते अंथरुणात पडून खालच्या रस्त्यावरनं जाणाऱ्या बायकांचे आवाज ऐकणं. एकदा तर त्या चप्पल घालून दारापर्यंत गेल्या आणि स्वतःलाच दटावून परत फिरल्या. गाऊन अजूनही अधूनमधून भिजत होता, नाडी काही पूर्वीच्या गाठीवर आली नाही. पण पावसाळा सरता सरता जिन्यावरची धाप गेली, आणि गॅसचं सिलिंडर सरकवायला कुणाला हाक मारावी लागेना.

दिवाळीच्या सुमारास धाकट्या जाऊबाई आल्या. त्या ४३ वर्षांच्या. "ताई, माझं पोट बघा कसं सुटलंय. उद्यापासनं मी दोनदा चढणार. येता?"

वहिनींनी बादल्या खाली ठेवल्या. "पाळी कधी आली होती?"

जाऊबाईंनी सोप्यात पेपर वाचणाऱ्या नवऱ्याकडं पाहिलं आणि पुटपुटल्या, "दीड महिना झाला."

"मोठ्यानं बोल गं. भावजी काही पळून जात नाहीत. आणि झोप? किती तास लागते?"

भावजींनी पेपर आणखी वर धरला. पण पान काही उलटेना.