लोढणं

ओढाळ जनावराच्या गळ्यात लोढणं बांधायची आमच्या जत भागातली जुनी रीत. बाभळीचा हातभर ओंडका घ्यायचा आणि दोरीनं गळ्यात असा अडकवायचा, की तो पुढच्या पायांशी लोंबावा. जनावर चाललं तर चालतं. पळायला लागलं की ओंडका गुडघ्यावर बसतो. चार दिवसांत ते जाग्यावर येतं. आमच्या वाऱ्याच्या गळ्यात आबांनी लोढणं बांधलं तेव्हा मी नववीत होतो. एखाद्याला वळण लावायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागं लागला आहे.

वाऱ्या कारवानी जातीचा. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. कर्नाटकातल्या मुधोळकडची ही जात आमच्या भागातही नावाजलेली. वासापेक्षा नजरेवर चालणारं हे कुत्रं. लांबवर काही हललं की सुटलंच. पूर्वी माणसं त्याला सशामागं सोडायची. १९७२ साल आमच्याकडं दुष्काळाचं म्हणून ओळखतात. त्याच साली वन्यजीवांचा कायदाही आला आणि शिकारीवर बंधनं आली. ते चांगलंच झालं. पण कुत्र्याच्या पायांना ते कोण सांगणार? आबांनी हौसेनं पिल्लू आणलं आणि दिवसभर गोठ्यात दाव्याला बांधून ठेवलं.

वर्षाचा होईतो वाऱ्यानं घर डोक्यावर घेतलं. आजीच्या अंगावर झेप घेऊन तिला दोनदा पाडलं. वाळत घातलेली लुगडी फाडली. वस्तीवर सायकल आली की तिच्यामागं धावला. आम्ही ओरडायचो, तो आणखी चेकाळायचा. आजी म्हणायची, "कुत्रं न्हवं ह्ये, इंगळी डसल्यालं वारं हाय."

मग बाजरीच्या काढणीच्या आधी एकदा तो दावं तोडून सुटला आणि शेजारच्या वस्तीवरच्या मावशीच्या शेळीमागं लागला. चावला नाही, त्याला नुसतं पळवायचं होतं. पण शेळी घाबरून ओघळीत पडली आणि तिचा पाय मोडला. मावशीचा नवरा वारलेला, घर दोन शेळ्यांवर चाललेलं. ती आमच्या दारात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमची मौज हुती बाबा. माझं दूध हुतं."

आबांनी तिला आमच्यातली एक पाट दिली. मी खुंटीवरचा आसूड काढला.

खरं सांगायचं तर वाऱ्याला शिकवावं म्हणून मी मारलं नाही. मावशी बघत होती, आबा बघत होते. आमच्या घराला लाज आहे हे दिसावं म्हणून मारलं. शेळी पडून तासभर झाला होता. मार कशाबद्दल आहे हे त्याला कळायचा संबंधच नव्हता. त्याच संध्याकाळी लोढणं आलं.

आणि ते लागू पडलं. सगळी अडचण इथंच आहे. मार फुकट गेला असता तर प्रश्नच मिटला असता. पण वाऱ्या आठ दिवसांत गप झाला. उड्या नाहीत, भुंकणं नाही. मी जवळ गेलो की पोट जमिनीला लावायचा आणि तिथंच मुतायचा. आबा आल्या-गेल्याला सांगायचे, "सुधारला बघा."

बाजरी निघाल्यावर आमच्या रानात मेंढरं बसवायला धनगर आले. त्यातले म्हातारे, त्यांना आम्ही आप्पाच म्हणायचो, एकदा चहाला दारात टेकले. वाऱ्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"सुधारला न्हाय, आबा. भ्यालाय."

"गप तर बसतोय न्हवं?"

"मढं बी गपच असतंय."

आबांना राग आला, पण म्हाताऱ्या माणसापुढं ते बोलले नाहीत. आप्पा माझ्याकडं वळले. "माझी कुत्री राखणीची. वाघराभवती रातभर फिरत्यात, दिवसा निजत्यात. ह्यो पळणाऱ्याचा. त्येला तू बसवून ठिवलास, तर त्येचं पळणं जाईल कुठं?"

पंधरा दिवस ते आमच्या रानात होते, तेवढ्यात त्यांनी मला शिकवलं. पहिलं काम लोढणं काढायचं. मग रोज पहाटे, गुरं सुटायच्या आत, त्याला मोकळ्या माळावर न्यायचं आणि दमेस्तोवर पळू द्यायचं. भाकरी द्यायची, पण चारी पाय जमिनीवर असतील तेव्हाच. अंगावर आला तर ओरडायचं नाही, ढकलायचंही नाही. नुसती पाठ फिरवायची. "तू वरडलास की त्येला वाटतंय, तू बी त्येच्यासंगं भुकतोयस," आप्पा हसून म्हणाले. शेळ्यांचं सगळ्यात अवघड. लांब दोरीवर धरून कळपापासून एवढ्या अंतरावर बसायचं, की त्याला शेळ्या दिसाव्यात पण अंगात वारं भरू नये. शेळ्यांवरची नजर काढून त्यानं माझ्याकडं बघितलं, की भाकरीचा तुकडा. रोज पाच-दहा पावलं पुढं. एखाद्या दिवशी ताणला, तर मुकाट माघारी.

आधी त्याची माझ्याबद्दलची भीती जायला महिना गेला. पहिल्यांदा त्यानं पुन्हा उडी मारली तेव्हा आबा म्हणाले, "झालं, बिघडला." मला मात्र त्या दिवशी बरं वाटलं. लोढणं बांधायला पाच मिनिटं लागली होती. ते खऱ्या अर्थानं काढायला मी पाडव्यापर्यंत, पाच महिने, अंधारात उठत होतो.

आता कुणी विचारेल, भाकरीनं वाकवलं काय आणि आसुडानं वाकवलं काय, वाकवणारे आपणच ना? हे मीही स्वतःला विचारलं आहे. कुत्र्याला मोकळं सोडणं हा काही मार्ग नव्हता. त्याच्या मोकळेपणाची किंमत मावशीनं मोजली होती. वळण लावायलाच हवं होतं. पण आसुडानं त्याला शेळीबद्दल काहीच शिकवलं नाही, फक्त माझ्याबद्दल शिकवलं. मी दिसलो तर गप, मी नसलो की काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. आप्पांच्या रीतीत त्याचं पळणं त्याला परत मिळालं, आणि बदलावं लागलं ते दोघांना. तो बसायला शिकला, मी उठायला. ज्या वळणात फक्त समोरच्यालाच बदलावं लागतं, ते वळण मला तेव्हापासून संशयाचं वाटतं.

पुढं मी शाळेत मास्तर झालो. पहिल्याच वर्षी 'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणून पोरं बसवली आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गाच्या शांततेचं कौतुक केलं. मागच्या बाकावर एक पोरगं होतं, क्षणभर बूड न टेकणारं. त्या दिवशी तेही गप होतं. मी त्याच्याकडं बघितलं आणि त्यानं मान खाली घातली. मला वाऱ्याचं जमिनीला लागलेलं पोट आठवलं. दुसऱ्या दिवसापासून पाणी भरणं, फळा पुसणं, खडू आणणं ही कामं मी त्याच्याकडं दिली. वर्ग थोडा गोंगाटाचा झाला.

वाऱ्या पुढं बरीच वर्षं जगला. पहाटे माळावर पळून यायचा आणि दिवसभर उंबऱ्याशी पाय ताणून झोपायचा. मावशीच्या शेळ्या त्याच्या शेपटीवरून जायच्या. सणासुदीला मावशीच त्याला पोळी आणून घालायची.

पण नांगरटीच्या दिवसांत मी बैलांसाठी खुंटीवरचा आसूड काढला, की तो उठायचा आणि गाडीखाली जाऊन बसायचा. भाकरी दाखवली तरी बाहेर यायचा नाही. शेवटी मी आसूड तिथून काढून गोठ्यामागं टांगला. वाऱ्या मात्र घरात येताना त्या रिकाम्या खुंटीला वळसा घालूनच यायचा.