नरो वा बुरशी वा

निवृत्त माणसाला एखादा छंद हवा, असं त्याच्या घरातली माणसं म्हणतात. मी पक्ष्यांचे फोटो काढायचं ठरवलं. जालन्याजवळ घाणेवाडीचा तलाव आहे. पण तिथले पक्षी काही फोटोसाठी जवळ येऊन उभे राहत नाहीत. त्यांना जवळ आणायला टेलिफोटो झूम लेन्स लागते, आणि नव्या लेन्सची किंमत ऐकून मीच चार पावलं लांब गेलो.

शेवटी मुंबईच्या एका गृहस्थांकडून निकॉनची जुनी ७०-३०० सात हजारांना घेतली. निकॉनने १९५९ साली एसएलआर कॅमेऱ्याला लेन्स बसवायची जी खाच ठरवली, ती पुढे बदललीच नाही. त्यामुळे काकांची लेन्स पुतण्याच्या कॅमेऱ्यालाही बसते. "अगदी नव्यासारखी आहे," गृहस्थ म्हणाले.

घरी आमच्या हिने सहज आतून टॉर्च मारला. भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी! ही मुंबईच्या दमट हवेची देणगी. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागे धावलेल्या जालनेकराकडे बुरशीपुरता ओलावा कुठला?

सहा महिने त्या गृहस्थांच्या नावाने बोटं मोडली. मग अंबडचा एक मुलगा तीच लेन्स घ्यायला आला. लग्नाचे फोटो काढतो. त्याने किंमत विचारली, झूम फिरवून पाहिली. बुरशीचं काही विचारलं नाही. विचारलंच नाही तर सांगायचं कशाला? धर्मराज निदान 'नरो वा कुंजरो वा' तरी म्हणाले होते. मी तर तोंडच उघडलं नव्हतं!

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. ट्रेमध्ये दोन कप आणि टॉर्च.

मी सांगितलं. पोराने टॉर्च मारून पाहिलं. "काका, समोरून ऊन आलं तरच फोटो धुरकट येईल. दोन हजार कमी करा." केले. सत्याची किंमत मोजता येत नाही म्हणतात. मला ती रुपयांत पाठ आहे.

ही लेन्स तीनशे फुटांवरचा बगळा टिपते, पण दीड मीटरच्या आतलं तिला स्पष्ट दिसत नाही. मुंबईच्या गृहस्थांचा खोटेपणा मला जालन्यातून लख्ख दिसला. स्वतःचं मन त्या दीड मीटरच्या आतलं. तिथं टॉर्चच लागतो, आणि तो बहुधा दुसऱ्याच्या हातात असतो.