शिल्लक अंकांचा हिशेब

दिवाळी अंकांचा खरा हिशेब लागतो तो तुळशीचे लग्न उरकल्यावर. पुण्या-मुंबईहून निघून कोल्हापूर, कागल, निपाणी, संकेश्वर असा उतरत बेळगावपर्यंत आलेला गठ्ठा तेव्हा पुन्हा सुतळीने बांधला जातो आणि आल्या वाटेने निघतो. व्यवहार परतीच्या बोलीवरचा. विकले त्याचे पैसे कमिशन कापून द्यायचे, उरले ते परत.

१९३० च्या सुमारास, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेतल्या प्रकाशकांनी ही सवलत दुकानदारांना दिली. माल अंगावर पडेल या भीतीने त्यांनी हात आखडता घेऊ नये, एवढाच हेतू. मंदी सरली, सवलत राहिली. पुढे तर स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकाचे नुसते मुखपृष्ठ फाडून पाठवायचे आणि उरलेले पुस्तक नष्ट करायचे, अशी रीत तिकडे पडली. हिशेबाला चोख! पुस्तकाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्या घरांना ती झेपणार नाही, ही गोष्ट वेगळी.

मला मात्र त्या फाडण्यापेक्षा दुसरेच खुपते. परत आलेला अंक साक्षीदार म्हणून उभा केला जातो. इतके अंक परत आले, म्हणजे सीमाभागात मराठी वाचक उरला नाही. मग पुढच्या वर्षी गठ्ठा लहान होतो, लहान गठ्ठा दुकानात मागच्या फळीवर जातो, गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि पुन्हा परत जातो. साक्ष खरी ठरते ती अशी. पण गठ्ठा पोचला कधी? सीमाप्रश्न तापला की आधी गाड्या थांबतात; डिसेंबर २०२२ मध्येही महाराष्ट्राच्या एस.टी.ने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या होत्या. वसुबारसेला हवा असलेला अंक भाऊबीज उलटल्यावर आला, तर त्याच्या परत जाण्याला वाचकाचा नकार कसे म्हणायचे?

दुकानदाराला तरी धुतल्या तांदळासारखा का मानावे? समजा, त्याने एक अंक चार घरी भाड्याने फिरवला आणि शेवटी न खपलेला म्हणून परत केला. प्रकाशकाचे पैसे बुडाले, ही लबाडी उघडच आहे. तिच्यापोटी दुसरी लपलेली आहे. चार घरांनी अंक वाचला, आजीने नातवाला, कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवाला, त्यातली गोष्ट वाचून दाखवली, आणि वहीत मात्र नोंद पडली ती वाचक नसल्याची. त्याने आपल्याच गिऱ्हाइकांना खोटे पाडले, आणि हा अपराध मला पैशांच्या अपराधाहून मोठा वाटतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. तिथेही एकच प्रत अनेकांच्या हाती जाते, पण ती विकत घेतलेली असते. वाचक लपत नाही.

परतीच्या चिठ्ठीवर शिल्लक अंकांच्या आकड्याशेजारी गठ्ठा पोचल्याची तारीख लिहायला शाई कितीशी लागणार? निपाणीच्या दुकानदाराने ती खरी लिहावी, पुण्याच्या कार्यालयाने ती वाचावी, आणि मग पुढच्या वर्षीचा आकडा घालावा.