तगादा आणि देणं

माझी आत्या पहाटे साडेपाचला उठते. चूळ भरते आणि देवापुढे दिवा लावायच्याही आधी फडताळातली छोटी बाटली काढून थायरॉक्सिनची एक गोळी तळहातावर घेते. अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. पुढे तासभर चहा नाही. तेरा वर्षं हा नेम चुकलेला नाही. दोन वर्षांपूर्वी तिला शुगर निघाली आणि जेवणानंतरची दुसरी गोळी आली, मेटफॉर्मिनची. पांढरी, लांबट, पाकिटातून काढताना किंचित मासळीसारखा वास येणारी. आत्यानं शुगरची वेगळी फाईल केली, निळी. थायरॉइडची होतीच, हिरवी. दोन आजार, दोन डॉक्टर, दोन फायली.

सहा महिन्यांनी हिरव्या फायलीत एक नवा कागद लागला. वर्षानुवर्षं अडीचच्या आसपास राहिलेलं टीएसएच ०.३ वर उतरलं होतं. "मी गोळी वाढवली नाही, सोडली नाही. मग हे कशानं?" तिचा प्रश्न साधा होता. त्याच्या उत्तरामागे जाताना मला शरीराविषयी बरंच काही नव्यानं शिकावं लागलं.

टीएसएच म्हणजे थायरॉइडचा रस, असं आपण सरसकट धरून चालतो. खरं तर ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचं संप्रेरक आहे. मला ते तगाद्यासारखं वाटतं. थायरॉक्सिनचा पुरवठा कमी पडला की पीयूषिका तगादा वाढवते, मुबलक झाला की आवरते. हा तगादा फार हळवा आहे. थायरॉक्सिन थोडंसं घटलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं. म्हणून तर डॉक्टर थायरॉइडची पहिली चौकशी याच आकड्यापाशी करतात. तगाद्यावरून देण्याचा अंदाज बांधायचा, ही रीत बहुतेक वेळा बरोबर ठरते.

मेटफॉर्मिन नेमकी इथेच गाठ घालतं. २००६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. थायरॉइड मंदावलेल्या या रुग्णांना मेटफॉर्मिन सुरू केल्यावर त्यांचं टीएसएच नेहमीच्या मर्यादेच्याही खाली गेलं, पण थायरॉइड वाढल्याची लक्षणं दिसली नाहीत. पुढच्या अभ्यासांतही हेच पुन्हा आढळलं. ज्यांची थायरॉइड मंद आहे त्यांचं टीएसएच उतरतं, रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन मात्र जागचं फारसं हलत नाही. ज्यांची थायरॉइड ठणठणीत आहे त्यांच्यात असा ठळक फरक पडत नाही. हे कसं घडतं यावर अजून एकमत नाही. मला त्यातलं एवढंच लख्ख दिसतं, की तगादा कमी झाला म्हणून देणं वाढलं असं होत नाही.

साखरेचं औषध आणि गळ्यातली ग्रंथी यांचं नातं मात्र जुनं आहे. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जाँबाँ विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. रुग्णांची साखर धोका वाटावा इतकी घसरू लागली. त्याच गावातल्या ऑग्युस्त लुबातिएर यांनी त्याचा माग काढला आणि त्यातून मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्यांची वाट खुली झाली. जवळपास त्याच सुमारास, १९४१ मध्ये, अमेरिकेत बाल्टिमोरला सल्फाग्वानिडिन खाऊ घातलेल्या उंदरांच्या थायरॉइड सुजलेल्या आढळल्या. एकाच सल्फा घराण्यातलं एक औषध साखर उतरवतं आणि दुसरं थायरॉइडचा हात धरतं, हे दोन गावांत दोन वेगळ्या कारणांनी उघडं पडलं. मेटफॉर्मिनचं मूळ मात्र रानातलं. गॅलेगा नावाच्या युरोपी झुडपातल्या द्रव्यावरून त्याचा धागा निघतो. १९२२ मध्ये डब्लिनला ते प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहींवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. त्या झुडपाला साखर आणि थायरॉइड अशी विभागणी ठाऊक नव्हती. ती आपण केली.

मधुमेहाची नवी औषधं हाच धडा वेगळ्या तऱ्हेनं देतात. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइडच्या माहितीपत्रात थायरॉइडच्या एका विशिष्ट गाठीविषयी ठळक इशारा असतो, कारण उंदीर-घुशींमध्ये ती गाठ झालेली दिसली. त्यांच्या थायरॉइडमधल्या सी-पेशींवर या औषधाला धरून घेणाऱ्या जागा भरपूर असतात, माणसात फार कमी. तरीही ज्यांच्या घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कर्करोग झालेला आहे, त्यांनी ही औषधं घ्यायची नसतात. सेमाग्लुटाइडची गोळी आणि थायरॉक्सिन यांचा मामला तर अगदी घरगुती आहे. दोघींनाही सकाळी रिकाम्या पोटाचा पहिला मान हवा. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तात पोचणारं थायरॉक्सिन सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतं. वजन बरंच उतरलं की थायरॉक्सिनची मात्रा पुन्हा तपासावी लागते, ती वेगळीच.

वाट उलट दिशेनंही चालते. थायरॉइड मंद असली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं; थायरॉक्सिन सुरू झाल्यावर साखरेच्या औषधाची गरज वाढू शकते. थायरॉइड जोरात असली की यकृत जादा साखर सोडतं. या येण्याजाण्यात किती माणसं सापडलेली आहेत? २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानं देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. मुंबई आणि गोव्यासह आठ ठिकाणी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास ११ टक्के प्रौढांची थायरॉइड मंद आढळली होती. म्हणजे आत्यासारख्या दोन बाटल्यांचं फडताळ गल्लोगल्ली असणार.

आत्याचे डॉक्टर कागद बघून लगेच काही बोलले नाहीत. धडधड होते का, हात थरथरतात का, झोप कशी आहे, हे विचारलं. नाडी बराच वेळ धरून ठेवली. मग मोकळं थायरॉक्सिन तपासायला सांगितलं. ते पूर्वी होतं तिथंच होतं. "काकू, मध्यंतरी दुसरं काही औषध सुरू झालंय का?" हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा निळी फाईल घरी होती. गोळी कमी करण्याची घाई त्यांनी केली नाही, दुर्लक्षही केलं नाही. या वयात टीएसएच खरोखरच्या जादा थायरॉक्सिननं उतरलं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हाडं झिजू शकतात. त्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं आणि तेवढे दिवस काय काय जाणवतं ते लिहून ठेवायला सांगितलं.

आकडा खोटा नसतो, पण तो कोणाच्या वतीनं बोलतोय हे विचारावं लागतं. ते विचारायला माणूस समोर लागतो, त्याची नाडी लागते आणि त्याच्या घरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी लागते. मात्रा आपल्या मनानं कमीजास्त करणं यात कुठंच बसत नाही.

त्या संध्याकाळी आत्यानं दोन्ही फायली चटईवर उलट्या केल्या आणि कागद तारखेप्रमाणे लावायला बसली. मेटफॉर्मिन सुरू झाल्याची चिठ्ठी निळीतली, उतरलेल्या टीएसएचचा कागद हिरवीतला. आयुष्यात पहिल्यांदाच ते एकमेकांना लागून आले. तिनं चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, हे एवढ्या जवळ होतं होय?" मग सगळे कागद तिनं हिरव्या फायलीत घातले. निळी फाईल रिकामी झाली.