जीर्णोद्धार : ममता की मूर्तिपूजा?

माणसाने वस्तूंवर किती प्रेम करावे, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत स्वतंत्रपणे क्वचितच विचारला जातो. शेजाऱ्यावर प्रेम करावे, वैऱ्यावरही करावे, अशी शिकवण शुभवर्तमानाने आपल्याला दिली. धनाचा लोभ धरू नये, असेही बजावले. परंतु लोभ आणि तुच्छता या दोन टोकांच्या मध्ये वस्तूंविषयीची एक तिसरी वृत्ती असते. साध्या मराठीत तिला 'निगा' म्हणतात. ही निगा सद्गुण केव्हा असते आणि मूर्तिपूजा केव्हा होते, याचा विचार आम्ही येथे एका अगदी ऐहिक छंदाच्या आधाराने करू इच्छितो. तो छंद म्हणजे जुन्या ब्रिटिश मोटारगाड्यांची देखभाल आणि त्यांचा जीर्णोद्धार.

इंग्लंडात या छंदाला एखाद्या लोकपरंपरेचे स्वरूप आले आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १९०५ पूर्वी बांधलेल्या गाड्या लंडनहून ब्रायटनला जातात. १४ नोव्हेंबर १८९६ रोजी मोटारींवरील जाचक वेगमर्यादा सैल करणारा कायदा अमलात आला, त्या दिवशीच्या प्रवासाचे हे स्मरण. मात्र या छंदाचा खरा संसार अशा दुर्मीळ गाड्यांचा नाही. तो आहे सामान्य माणसाच्या गाड्यांचा. १९४८ साली बाजारात आलेली आणि १० लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश गाडी ठरलेली मॉरिस मायनर, १९५९ची मिनी, १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली एमजीबी, या त्या गाड्या. आपल्याकडची अँबॅसॅडर याच घराण्यातली. मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर ती बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत होती. त्यामुळे या गाड्यांचा गोल माथा आणि जाड पत्रा आपल्या वाचकांना अगदीच परका नाही.

या गाड्यांचा मुख्य वैरी गंज. इंग्लंडात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारे पाणी गाडीच्या तळाशी, दारांखालच्या पोकळ पन्हळींत शिरते आणि पत्र्याला आतून खाऊ लागते. रंगाला बारीकसा फोड दिसतो तेव्हा आतले काम बहुधा पूर्ण झालेले असते. एमजीबीसारख्या गाडीत स्वतंत्र चासी नसते. सारा भार या पन्हळीच पेलतात. म्हणजे जे दिसत नाही त्याच्यावरच सारे उभे! मॉरिस मायनरच्या 'ट्रॅव्हलर' या प्रकारात मागील भागाचा सांगाडा अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाचा असे. ते लाकूड शोभेचे नव्हते, भार वाहणारे होते. दुर्लक्ष झाले की ते कुजते आणि कधी कधी त्यावर शेवाळही धरते. मायनरच्या पुढच्या चाकांच्या सांध्यांना ठराविक अंतर चालल्यानंतर वंगण द्यावे लागते. दोन मिनिटांचे काम. ते वर्षानुवर्षे टाळले तर सांधा निखळून चाक दुमडते.

असे काम करणारा गृहस्थ कारकून असेल, शिक्षक असेल, निवृत्त कामगार असेल. संध्याकाळी दिवा लावून तो गॅरेजमध्ये शिरतो. जुन्या गाडीचे नट-बोल्ट जुन्या ब्रिटिश मापांचे असल्याने आजचा पाना त्यांना बसत नाही. त्यासाठी निराळे पाने बाळगावे लागतात. गंजून घट्ट बसलेल्या बोल्टवर तेल सोडून तो दोन दिवस वाट पाहतो, कारण जोर लावला तर बोल्ट तुटेल. वस्तू आपल्या इच्छेनुसार चालत नाही, आपल्यालाच तिच्या स्वभावानुसार चालावे लागते, हा नम्रतेचा पहिला धडा त्याला कोणी प्रवचनकार देत नाही, बोल्ट देतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात श्रमाच्या दोन अंगांचा विचार केला आहे: श्रमाने घडते ती वस्तू आणि श्रम करताना घडतो तो माणूस. त्यांनी मोठे मानले ते दुसरे. या कसोटीवर तो गॅरेजमधील गृहस्थ वेळ दवडीत आहे, असे एकदम म्हणता येणार नाही.

पण तो नेमके काय वाचवीत असतो? येथे एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो. थीसियसची नौका अथेन्सकरांनी जपून ठेवली; कुजलेली फळी काढून नवी बसवीत गेले. सगळ्याच फळ्या बदलल्यावर ती नौका तीच का, यावर तत्त्वज्ञांत वाद होत असे, असे प्लूटार्क लिहितो. सतराव्या शतकात थॉमस हॉब्जने त्यात आणखी एक गाठ मारली: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून त्यांची दुसरी नौका बांधली तर खरी कोणती?

हा प्रश्न १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात प्रत्यक्ष उभा राहिला. १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल माँची शर्यत जिंकणारी बेंटली गाडी, 'ओल्ड नंबर वन', तिच्या मालकाने सुमारे १ कोटी पौंडांना विकण्याचा करार केला. घेणाऱ्या कंपनीने पुढे आक्षेप घेतला की ही ती गाडी नव्हेच. आक्षेप पोकळ नव्हता. शर्यतींसाठी तिचे भाग वारंवार बदलले गेले होते. १९३२ साली तिच्यात मोठे इंजिन बसवलेले असताना ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडला आणि त्यानंतर तिच्यावर निराळाच साज चढवण्यात आला. १९२९च्या मूळ गाडीतील पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा खांब एवढेच काय ते उरले होते. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निर्णय दिला की ही गाडी 'ओल्ड नंबर वन'च होय. बदल झाले ते एकेक करून, दीर्घ काळात, आणि प्रत्येक नवा भाग जुन्या देहात सामावत गेला. तिचा इतिहास कुठेही तुटला नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नव्हती.

ब्रिटनच्या वाहननोंदणी खात्यानेही बरीच वर्षे यासाठी गुणांचा एक तक्ता वापरला. मोठे फेरफार झालेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखायचा तर किमान ८ गुण हवेत. त्यात सांगाड्याला ५ गुण आणि इंजिनाला अवघा १. ज्याला आपण गाडीचे हृदय म्हणू, त्याला कायद्याने सर्वांत कमी मोल दिले! पुढे १९८८ पासून एमजीबीचा संपूर्ण सांगाडाच जुन्या साच्यांवर नव्याने तयार होऊन मिळू लागला. तेव्हा निव्वळ पत्र्याच्या हिशेबाने ओळख ठरवता येणार नाही, हे उघड आहे.

आमच्या धर्मविद्येला हा प्रश्न नवा नाही. देहाच्या पुनरुत्थानाविषयी लिहिताना संत अगस्तीन यांनी वितळवून पुन्हा ओतलेल्या पुतळ्याचा दृष्टान्त दिला: धातूचा कोणता कण पूर्वी हातात होता आणि कोणता पायात, याला महत्त्व नाही. संत थॉमस अक्विनास यांनी आगीचा दाखला दिला. लाकडे जळून जातात, नवी घातली जातात, तरी आग तीच राहते. आपला देहही तसाच. त्यातले द्रव्य येते आणि जाते, माणूस मात्र तोच असतो, कारण त्याचा आत्मा तोच असतो. गाडीला आत्मा नाही. मग तिची ओळख कशाने टिकते? आम्हांस वाटते, ती टिकते माणसांच्या निष्ठेने. एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलेल्या निगेचा धागा अखंड राहिला, म्हणून ती गाडी तीच राहिली. वस्तूंना जे सातत्य लाभते ते आपण त्यांना उसने देतो.

उसने देणाऱ्यावर सचोटीचे बंधन येते. जीर्णोद्धाराचा एक खोटा मार्ग आहे. सडलेला पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी त्यावर लांबी भरायची, घासून गुळगुळीत करायची, वरून चकचकीत रंग द्यायचा आणि विकून मोकळे व्हायचे. चुना फासलेल्या कबरींविषयी प्रभू येशू बोलला, ते अशा गाडीलाही अक्षरशः लागू पडते. फरक इतकाच की या कबरीत बसून एखादे कुटुंब प्रवासाला निघते. मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या आणि मोठे फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे. गाडी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकावरच राहिली. कायद्याने विचारणे थांबवले म्हणजे सदसद्विवेकबुद्धीने विचारणे सुरू करायचे असते. ब्रेक लागतात की नाही हे कोणी पाहणारा नसताना जो पाहतो, तोच खरा निगा करणारा.

याच्या अगदी उलट मोहही आहे. गाडी कारखान्यातून निघाली त्याहूनही सुंदर करायची, तिच्यावर आयुष्याचा एकही ओरखडा ठेवायचा नाही. याविषयी छंदिष्टांमध्येच वाद आहे. झिजलेले कातडे, फिकटलेला रंग राखून केवळ यंत्र नीट ठेवावे, असे म्हणणारा मोठा पक्ष आहे. आम्हांला हा पक्ष अधिक ख्रिस्ती वाटतो. मॉरिस मायनरचा नमुना तयार झाल्यावर तिचा रचनाकार अ‍ॅलेक इसिगोनिस याला ती अरुंद वाटली. त्याने ती उभी कापून दोन भाग चार इंच दूर सरकवले. त्या बदलाची खूण तिच्या बॉनेटवर मधोमध पट्टीच्या रूपाने राहिली आणि आज तिच्यामुळेच ती ओळखू येते. मृत्यूवर विजय मिळवलेल्या प्रभूने आपल्या हातांवरील व्रण पुसले नाहीत. थोमाने त्याला ओळखले ते त्या व्रणांवरून. प्रायश्चित्ताच्या संस्काराने पापाची क्षमा होते, पण आपला भूतकाळ घडलाच नव्हता असे होत नाही. खरा उद्धार इतिहास पुसून टाकीत नाही, त्याला बरे करतो.

आता सर्वांत कठीण आक्षेप. एवढा पैसा, एवढ्या संध्याकाळी लोखंडावर खर्चाव्यात का? ते गोरगरिबांना द्यायला नको का? शुभवर्तमानाचे वाचक जाणतात की हा आक्षेप बेथानीच्या घरी उठला होता. मरियेने ३०० दीनारांचे सुगंधी तेल प्रभूच्या पायांवर ओतले तेव्हा यहूदाने तो घेतला, आणि प्रभूने तो फेटाळला. परंतु त्या प्रसंगाची ढाल करून आपण निसटू शकत नाही. मरियेने ते तेल एका व्यक्तीवर ओतले होते आणि ती व्यक्ती मरणाच्या दारात उभी होती. तेल बाटलीत जपून ठेवण्याचे समर्थन त्या कथेत नाही. भाव वाढण्याची वाट पाहत आच्छादनाखाली वर्षानुवर्षे उभी केलेली गाडी ही निगा नव्हे, तो साठा होय; आणि कसर व गंज ज्याचा नाश करतात त्या साठ्याविषयी प्रभूचे मत प्रसिद्ध आहे.

म्हणून आमच्या मते कसोटी खर्चाच्या आकड्यात नाही. ती अशी आहे: गॅरेजमध्ये शिकलेले धैर्य माणूस घरात घेऊन येतो का? धर्मग्रामात रुग्णांना व वृद्धांना भेटी देताना आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवते. दुरुस्तीची आशा असते तोवर माणसे धावपळ करतात. डॉक्टर, औषधे, शस्त्रक्रिया, कशाचीही कसर ठेवीत नाहीत. आता बरे होणे नाही असे कळले की खोलीतली वर्दळ ओसरते. वस्तूवरील प्रेमाला फळ दिसते. पाच वर्षांच्या कष्टांनंतर गाडी झळाळून रस्त्यावर येते. अंथरुणाला खिळलेल्या आईची कूस बदलण्याने आई झळाळत नाही. उद्या ती आणखी थकलेली असेल. तिच्यासाठी कोणत्याही दुकानात सुटा भाग मिळणार नाही. जीर्णोद्धाराची आशा नसतानाही केलेली निगा, हे प्रेमाचे अधिक उंच रूप आहे, आणि ते शिकवण्याचे सामर्थ्य कोणत्याही छंदात नाही. छंद फार तर त्याची बाराखडी शिकवतो: वाट पाहणे, न दिसणाऱ्या जागेकडे लक्ष देणे, लहानसे काम वेळच्या वेळी करणे. बाराखडीला नावे ठेवू नयेत. पण जन्मभर बाराखडीच गिरवीत बसणेही बरे नव्हे.

या गाड्यांचे कित्येक प्रामाणिक छंदिष्ट म्हणतात की आपण मालक नाही, पुढच्या पिढीसाठीचे राखणदार आहोत. कारभारीपणाची ही भाषा पवित्र शास्त्राचीच भाषा आहे. फेकून देण्याच्या संस्कृतीविषयी पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या आपल्या परिपत्रकात जगाला सावध केले. त्यांनी वस्तू आणि माणसे यांना एकाच वाक्यात आणले, कारण वस्तू सहज फेकणारा हात माणसे फेकण्यासही लवकर सरावतो. जुनी गाडी जपणारा हात म्हाताऱ्या बापाचा हात आपोआप धरील, असे मात्र नाही. तेथे इच्छा लागते, कृपा लागते. सुज्ञ वाचकांपाशी मोटार असेल वा नसेल, जुनी शिवणयंत्रे, आजोबांची घड्याळे, वाडवडिलांची घरे तर आहेत. त्यांची निगा जरूर राखावी. फक्त हातातला पाना खाली ठेवण्याची वेळ आली आणि शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारली, तर ती हाक पहिल्यांदाच ऐकू यावी, एवढी दक्षता घ्यावी.