पाहायचं पाणी

नातवानं गाडी काढली. म्हणाला, "आबा, चला सहस्रकुंडाले." आधी इसापूरचं धरण पाहिलं, मग उमरखेडवरून यवतमाळ-नांदेडच्या शिवेवरचा पैनगंगेचा तो धबधबा. काळ्या खडकावरून पाणी कोसळत होतं. मलेबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मन हिशेब करत होतं, एवढ्या पाण्यात किती पऱ्हाटी भिजली असती! धरणात ज्यांची गावं गेली, त्यांना ते तळं सुंदर दिसत असेल काय? अन् त्यांच्यासाठी मी डोळे मिटून घेतले, तर त्यांना काय भेटणार?

परतताना नातवानं विचारलं, "आवडलं का?"

"आवडलं. पुढच्या साली तुह्या आजीलेबी आणू."

तिनं चाळीस वर्षं विहिरीचं पाणी शेंदलं. पाहायचं पाणी तिनं अजून पाहिलं नाही.