आधी खांबाचा जाब दे

इकडे ये. पटाशी खाली ठेव आणि माझ्याकडे बघून ऐक. घाटपुरीकडच्या त्या घराचं बोळातलं फाटक तू वैशाखात लावलंस. आता पोळा तोंडावर आलाय आणि त्या घरच्या काकूंना ते दोन्ही हातांनी उचलून सरकवावं लागतंय. मी स्वतः जाऊन पाहून आलो. लाकूड चांगलं आहे, रंधा सफाईने मारलाय, कुसवं घट्ट बसलीत. म्हणूनच जास्त संताप आला. ज्याच्या हातात कामच नाही, त्याच्यासाठी मी घसा कोरडा करत नाही.

खांबासाठी खड्डा किती खणलास? दीड फूट! आणि भरलंस काय? खणून काढलेली तीच काळी माती, वर सिमेंटचा पसरट थापा. तू इथलाच ना रे? याच मातीतल्या कापसासाठी 1870 साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस पडला की ती फुगते, हे तू लहानपणापासून शेतात पाहत आलास. मग खड्ड्यापाशी उभा राहिल्यावर ते विसरलास कसा? फुगणारी माती खांबाला धरून वर ढकलते, सुकली की त्याला सोडून देते. तुझ्या थाप्याच्या खालून तर तिला ढकलायला आयती कड मिळाली. खांब फाटकाच्या बाजूला कलला आणि कडी कोंड्यात बसेनाशी झाली.

काळ्या मातीत इमारती टिकाव्यात म्हणून रूडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले पाइल विकसित केले. पकड खोलवर ठेवायची, जिथे ओल फारशी कमीजास्त होत नाही. तुझ्या खांबालाही तेच लागू आहे. मुरूम लागेपर्यंत खण. नाही लागला तर तीन फुटांच्या आत थांबू नकोस. खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. खाली काँक्रीट, वर मुरूम, तोही थराथराने धुमसाने ठोकून. काळी माती परत आत जाता कामा नये. आणि लाकूड जमिनीत गाडायचंच कशाला? वाळवीला घर बांधून देतोस का? लोखंडी चॅनल काँक्रीटमध्ये उभं कर, लाकडी खांब जमिनीपासून दोन इंच वर ठेवून त्याला बोल्टने आवळ. घडीव काळ्या दगडाचा खांब मिळाला तर त्याहून उत्तम.

आता बिजागऱ्या. घरातल्या दाराच्या चार इंची बिजागऱ्या तू उघड्यावरच्या फाटकाला लावल्यास, त्याही दीड फुटाच्या अंतरात. हिशेब कर माझ्यासमोर. सागवान घनफुटाला साधारण 18 किलो, तुझं फाटक दोन घनफूट, म्हणजे 36 किलो. रुंदी तीन फूट, तेव्हा भार बिजागरीपासून दीड फुटावर. वरची बिजागरी किती ताणाने ओढली जाते? 36 गुणिले दीड, भागिले दोन बिजागऱ्यांमधलं अंतर. तू दीड फूट ठेवलंस, ताण 36 किलो. साडेचार फूट ठेवलं असतंस, तर 12. पैसा एक जास्त लागला नसता.

हा ताण पेलायला तू काय दिलंस? हातोडीने ठोकलेले स्क्रू. हे मला सर्वांत जास्त लागलं. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो, त्याच्या आट्यांना धरायला काही उरतच नाही. तुझे स्क्रू मी नखाने ओढून बाहेर काढले. आधी बारीक छिद्र, मग पेचकस. उघड्यावरच्या फाटकाला लांब पट्टीची बिजागरी, पट्टी निदान एक फुटाची, जस्ताचा मुलामा असलेली. वरच्या बिजागरीला तरी आरपार नट-बोल्ट आणि मागे वॉशर.

तिरपी पट्टीही उलटी मारलीस. लाकडाची पट्टी दाब सोसते, म्हणून ती बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवी. तुझी वरून खाली उतरते आणि सांध्यातून निसटते. फळ्याही वैशाखात एकमेकींना चिकटवून बसवल्यास. पावसात त्या आडव्या फुगणार, तेव्हा मध्ये दोन-तीन मिलिमीटर फट सोडायची.

काकूंनी पैसे मोजून दिलेत, आणि या पावसात त्यांचं बोळ सताड उघडं राहतंय. आज संध्याकाळीच फाटक उतरवून इथे आण, खांबाला तात्पुरत्या फळ्या मार. तिरपी पट्टी माझ्यासमोर सुलट करायची. उघडीप मिळाली की खड्डा खण, आणि काँक्रीट ओतण्याआधी मला बोलाव. तळ मी बघणार. निदान सात दिवस काँक्रीटला पाणी दे, तोवर त्यावर काही टांगू नकोस. बिजागऱ्या, बोल्ट, मुरूम, सगळा खर्च तुझा. जा, कुदळ घे.